आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

रॅन्समवेअरचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. पुढे पुस्तीही असते, ‘हॅकर बँकांच्या मागे लागतात, आपल्याला कोण विचारतो?’ अहो, पण हा चोर मुख्यतः काही न्यायला आलेला नसतो! तो तुमच्याच फायलींना कुलूप ठोकतो आणि किल्लीचे पैसे मागतो. बारशाचे फोटो, टॅलीतला हिशेब, अर्धवट प्रबंध यांना बाजारात दमडीची किंमत नसेना का, तुम्हाला ते हवे आहेत ना? त्याला तेवढं पुरतं.

बरं, तो तुमचं नाव-गाव विचारूनही येत नाही. ‘स्टॉप’ नावाचं रॅन्समवेअर घ्या. फुकटात क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवायचं, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना निमूट पाळायची, की तो आत. पडद्यावर विंडोज अपडेटचं नाटक चालतं आणि मागे प्रत्येक फायलीचे पहिले दीडशे केबी एन्क्रिप्ट होत जातात. सुरुवातच बिघडली की बहुतेक फायली उघडत नाहीत, त्यामुळे काम झटपट उरकतं. मग फोल्डरमध्ये चिठ्ठी सापडते: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क साधलात तर निम्मे, ४९०. वर नमुन्यादाखल एक फाइल फुकट उघडून द्यायची तयारी. बँक लुटणारा अशी सवलत देत बसेल? हा दर तुमच्या-माझ्यासाठीच लावलेला आहे.

‘पैसे भरले की सुटका’ म्हणणाऱ्यांनी २७ जून २०१७ आठवावा. त्या दिवशी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ व्हायरसने मर्स्क या जहाज समूहाचं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प केलं. मागणी ३०० डॉलरच्या बिटकॉइनची. पण चिठ्ठीतला ओळख क्रमांक म्हणजे नुसती रँडम अक्षरं होती, असं कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी कोड तपासून दाखवलं. पैसे घेऊनही किल्ली देता आली नसती.

आणखीही काही समज असतात. ‘फॉरमॅट मारला की झालं’: व्हायरस जातो, फायलीही जातात. ‘फायलीचं एक्स्टेन्शन बदललं की ती उघडते’: नाही उघडत. ‘बॅकअप आहे की’: ती हार्डडिस्क कायम जोडलेली असेल तर तिलाही कुलूप.

‘आता काहीच होऊ शकत नाही’ हेही खरं नाही. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक प्रकारांच्या रॅन्समवेअरचं कुलूप उघडणारी मोफत साधनं मिळतात. ‘स्टॉप’च्या बऱ्याच जुन्या अवतारांवर एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचं साधन चालतं. किल्ल्या कधीकधी काही वर्षांनंतर हाती लागतात, म्हणून कुलूपबंद झालेल्या फायली आणि ती चिठ्ठी पुसून टाकू नका.