समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी क्रियापदांतील अर्थभेद : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. तरीही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनात काही चुका सातत्याने आढळतात. 'ही सेड मी' किंवा 'ही डिनाइड टू कम' यांसारख्या वाक्यांत काळ बरोबर असतो, परंतु क्रियापदाची निवड किंवा त्याची रचना चुकलेली असते. या चुकीचे मूळ शब्दार्थ पाठ करण्याच्या पद्धतीत आहे. 'रिफ्यूज म्हणजे नाकारणे' आणि 'डिनाय म्हणजेही नाकारणे' असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही दोन्ही क्रियापदे परस्परांच्या जागी चालतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यांच्यातील भेद संपूर्ण वाक्याचा अर्थ पालटू शकतो.

उद्दिष्टे :

१. समानार्थी भासणाऱ्या निवडक इंग्रजी क्रियापदांतील भेद स्पष्ट करणे.
२. मराठीच्या रचनेचा या भेदांच्या आकलनासाठी कोठे उपयोग होतो व कोठे अडथळा येतो, हे पाहणे.

सैद्धांतिक भूमिका :

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर (१९२९–२०१४) यांनी १९७० च्या दशकात खरेदी-विक्रीच्या व्यवहाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा विचार मांडला. या व्यवहारात ग्राहक, विक्रेता, वस्तू आणि पैसा असे चार घटक असतात. 'बाय' हे क्रियापद ग्राहक व वस्तू यांना पुढे आणते, 'सेल' विक्रेता व वस्तू यांना, 'पे' ग्राहक व पैसा यांना, तर 'कॉस्ट' वस्तू व पैसा यांना. घटना एकच असली तरी प्रत्येक क्रियापद तिच्याकडे निराळ्या बाजूने पाहते. म्हणून क्रियापदाचा अर्थ केवळ प्रतिशब्दाने कळत नाही. ते कोणत्या घटकांना वाक्यात कोणते स्थान देते, हेही पाहावे लागते.

विवेचन :

(अ) अनुभव आणि हेतू : 'सी', 'लुक' आणि 'वॉच' या तिन्हींसाठी 'पाहणे' हा प्रतिशब्द दिला जातो. 'सी' मध्ये दृश्य डोळ्यांना आपोआप जाणवते, 'लुक' मध्ये नजर हेतुपूर्वक वळविली जाते, तर 'वॉच' मध्ये हालणाऱ्या वा बदलणाऱ्या गोष्टीकडे काही काळ लक्ष दिले जाते. 'हिअर' आणि 'लिसन' यांच्यातही हाच भेद आहे. मराठीत तो मुळातच आहे. 'मला पक्षी दिसला' आणि 'मी पक्ष्याकडे पाहिले', तसेच 'मला आवाज ऐकू आला' आणि 'मी भाषण ऐकले' या जोड्या पाहाव्यात. जेथे मराठीत अनुभव घेणारा 'मला' या रूपात येतो, तेथे इंग्रजीत सामान्यतः 'सी' किंवा 'हिअर' योजावे. 'लुक अ‍ॅट' मधील 'अ‍ॅट' आणि 'लिसन टू' मधील 'टू' ही शब्दयोगी अव्यये लक्ष कोणत्या दिशेने वळविले ते दर्शवितात. 'सी' आणि 'हिअर' यांना या अर्थी त्यांची गरज भासत नाही.

(आ) कर्माचे स्थान : 'से' हे क्रियापद उच्चारलेल्या मजकुराला महत्त्व देते, तर 'टेल' ऐकणाऱ्याला. म्हणून 'ही टोल्ड मी' शुद्ध ठरते, मात्र 'से' नंतर ऐकणारा आणावयाचा असल्यास 'टू मी' म्हणावे लागते. 'म्हणणे' आणि 'सांगणे' हा भेद मराठीतही आहे. परंतु 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितले' या दोन्ही वाक्यांत 'मला' हे एकच रूप येत असल्याने येथे मराठीची रचना दिशाभूल करते. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय' यांसारख्या रूढ प्रयोगांत ऐकणाऱ्याचा उल्लेख आवश्यक नसतो, हेही लक्षात ठेवावे.

'स्टील' आणि 'रॉब' यांची जोडीही अशीच आहे. 'स्टील' चे कर्म म्हणजे चोरलेली वस्तू, तर 'रॉब' चे कर्म म्हणजे लुटली गेलेली व्यक्ती वा जागा. मराठीत 'बँक लुटली' आणि 'पैसे लुटले' असे दोन्ही प्रयोग चालतात. म्हणून विद्यार्थी 'दे रॉब्ड द मनी' असे लिहितो. उलट, 'ही वॉज स्टोलन' असे लिहिल्यास त्या माणसालाच चोरून नेल्याचा अर्थ निघतो. 'रॉब' मध्ये बहुधा बळजबरीही अभिप्रेत असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरी (कलम ३०३) आणि जबरी चोरी (कलम ३०९) हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

(इ) गृहीत धरलेली गोष्ट : पुढील दोन वाक्ये विचारात घ्यावीत.

'त्याने पैसे घेण्याचे नाकारले.'
'त्याने पैसे घेतल्याचे नाकारले.'

पहिल्या वाक्यात समोर देऊ केलेली रक्कम न स्वीकारणारा माणूस दिसतो. दुसऱ्यात पैसे घेतल्याचा आरोप झालेला आणि तो अमान्य करणारा माणूस दिसतो. मराठीत क्रियापद तेच राहते व अर्थभेद 'घेण्याचे' आणि 'घेतल्याचे' या रूपांतून व्यक्त होतो. इंग्रजीत मात्र क्रियापदच बदलते. पहिल्यासाठी 'ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी', तर दुसऱ्यासाठी 'ही डिनाइड टेकिंग द मनी'. 'रिफ्यूज' पूर्वी प्रस्ताव वा विनंती गृहीत असते, 'डिनाय' पूर्वी विधान वा आरोप. 'रिजेक्ट' मध्ये समोर आलेली गोष्ट अयोग्य वा असमाधानकारक ठरवून ती न स्वीकारणे अभिप्रेत असते. एखाद्याला हक्क वा संधी न मिळू देणे या अर्थीही 'डिनाय' येते, परंतु तेथे रचना निराळी असते. जबाबाच्या किंवा बातमीच्या भाषांतरात येथे गल्लत झाल्यास लाच न घेणारी व्यक्ती आरोपी भासू शकते. अशा वेळी प्रश्न गुणांपुरता राहत नाही, एखाद्याच्या प्रतिष्ठेशी तो निगडित होतो.

अध्यापनाच्या दृष्टीने :

नवीन क्रियापद शिकविताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. क्रिया हेतुपूर्वक आहे की आपोआप घडते? क्रियापदानंतर लगेच व्यक्ती येते, वस्तू येते की मजकूर? आणि या क्रियेपूर्वी काय घडलेले असावे लागते? प्रतिशब्दांच्या यादीऐवजी 'घेण्याचे' व 'घेतल्याचे' यांसारखी मराठी वाक्यांची जोडी फळ्यावर मांडल्यास भेद विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतूनच उलगडतो.

निष्कर्ष :

समानार्थी भासणारी इंग्रजी क्रियापदे घटनेतील हेतू, घटकांचे स्थान आणि पूर्वगृहीत यांबाबत परस्परांहून भिन्न असतात. मराठी हे भेद अनेकदा प्रत्यय, विभक्ती किंवा कृदंत रूपांनी दर्शविते, तर इंग्रजी क्रियापद बदलून. त्यामुळे इंग्रजीच्या अध्यापनात मातृभाषेला केवळ चुकांचे कारण मानणे योग्य नाही. डोळसपणे केलेली तुलना हे अर्थभेद समजून घेण्याचे प्रभावी साधन ठरू शकते.