काळ्या तिखटाची यादी आणि जगाचा बाजार

एप्रिल-मे आला की धाराशिवच्या किराणा दुकानांत एकच यादी पुन्हा पुन्हा पुढे येते. वहीतल्या फाडलेल्या पानावर लिहिलेली, कडेला तेलाचा डाग पडलेली, आईकडून लेकीकडे आलेली. काळ्या तिखटाची यादी. किलोभर मिरचीला अर्धा किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, तीळ, खसखस. आणि मग पाच-दहा ग्रॅमच्या पुड्यांत लवंग, मिरे, दालचिनी, बाद्यान, जायपत्री, शहाजिरे, तमालपत्र, दगडफूल, मसाला वेलची आणि हिंगाचा खडा. घरी प्रत्येक जिन्नस वेगळा तळून घ्यायचा, कारण लवंगेला लागणारी आच दगडफुलाला सोसत नाही. मग कांडपाच्या दारात डबा घेऊन नंबर लावायचा. त्या दिवसांत गल्लीत शिरलं की ठसका लागतो. हे तिखट वर्षभर पुरवायचं असतं.

यंदा ही यादी समोर ठेवून मी प्रत्येक नावापुढे तो जिन्नस कुठून आला ते लिहीत गेलो. मसाल्यांचा देश म्हणून आपण जगाला आपली ओळख सांगतो आणि ती खरीही आहे. पण पान भरत आलं तसं दिसायला लागलं, की ज्याला आपण अस्सल आपलं तिखट म्हणतो त्यातल्या निम्म्या पुड्या समुद्र ओलांडून आलेल्या आहेत.

हिंगाचंच घ्या. हिंगाशिवाय आपली फोडणी नाही, पण हिंगाचं झाड आपल्याकडे पिकतच नव्हतं. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथल्या कोरड्या डोंगरातल्या झाडाच्या मुळाला चीर देऊन निघालेला चीक इथे कच्चा माल म्हणून येतो. त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधानी हिंग तयार होतो आणि तोच डबीतून घरात येतो. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या पालमपूरच्या संस्थेच्या हिशेबानुसार देशात वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग येतो आणि त्यापायी जवळजवळ दहा कोटी डॉलर जातात. म्हणूनच १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, हिंगाचं पहिलं रोप लावलं. रोपाला चीक द्यायला पाच-सहा वर्षं लागतात, तेव्हा या प्रयोगाचा निकाल आता कुठे हाती यायला लागेल.

लवंग कन्याकुमारीच्या डोंगरात थोडी होते, पण देशाची भूक तिच्यावर भागत नाही. आपली बहुतेक लवंग मादागास्कर, टांझानिया, कोमोरोस, श्रीलंका इथून येते. जगात सगळ्यांत जास्त लवंग पिकवणारा देश इंडोनेशिया, पण त्याची बरीचशी लवंग तिथल्याच सिगारेटींत घालून ओढली जाते. दालचिनी म्हणून आपल्याला मिळते ती जाड साल बहुतेक वेळा खरी दालचिनी नसून व्हिएतनाम, चीन, इंडोनेशियातला कॅशिया असतो. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, पापुद्र्यांची, बोटांनी चुरता येणारी. बाद्यान व्हिएतनाम आणि चीनचं. खसखस मुख्यतः तुर्कस्तानची, कारण आपल्याकडे अफूची लागवड सरकारी परवान्यावर, ठरावीक जिल्ह्यांतच होते. दगडफूल उत्तराखंडच्या जंगलातून, मसाला वेलची सिक्कीम-नेपाळकडून.

मिऱ्याची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण ती हरलेल्या बाजीची आहे. ज्या मिऱ्यासाठी वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला आला, त्या मिऱ्याच्या बाजारात आज पहिला क्रमांक व्हिएतनामचा आहे. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या देशाने दाट लागवड आणि जबर एकरी उतारा यांच्या जोरावर मलबारला मागे टाकलं. आपल्या जुन्या वेली, मुळकूज, लहान बागा आणि चढी मजुरी यांना तो भाव झेपला नाही. उलटी गंगा अशी वाहू लागली, की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राला मिऱ्यावर किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. श्रीलंकेशी असलेल्या मुक्त व्यापार कराराच्या आडून व्हिएतनामची मिरी आत येते, ही केरळ-कर्नाटकच्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. मात्र आयात झालेला सगळाच माल आपण खात नाही. कोचीच्या आसपासचे कारखाने बाहेरची मिरी आणून तिचं तेल आणि अर्क काढतात आणि तो माल जगभरच्या खाद्यउद्योगांना विकतात. कच्चा दाणा आणून अर्क विकणं हा या धंद्यातला सगळ्यांत शहाणपणाचा भाग आहे, असं माझं मत आहे.

आता आपण पाठवतो काय ते पाहू. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे १५.४ लाख टन मसाले बाहेर गेले, किंमत जवळपास ३७ हजार कोटी रुपये. २०२४-२५ मध्ये हाच आकडा १८ लाख टन आणि ४० हजार कोटींच्या घरात पोचला. केंद्राच्या मसाला मंडळाच्या कायद्यात ५२ मसाल्यांची यादी आहे, पण या रकमेचा मोठा वाटा उचलणारे गडी मोजकेच: मिरची, जिरं, हळद आणि मसाल्यांची तेलं-अर्क. २०२३-२४ मध्ये एकट्या मिरचीने साडेबारा हजार कोटी आणले, म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. आणि त्या मिरचीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन. गुंटूर-खम्ममची तेजा मिरची तिथे कशी पटते यावर आंध्र-तेलंगणातल्या लाखो घरांची दिवाळी ठरते.

इतका माल एकाच गिऱ्हाइकाच्या आणि दोन-तीन पिकांच्या भरवशावर असला की काय होतं, ते गेल्या काही वर्षांत दिसलं. २०२३च्या उन्हाळ्यात गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात जिरं क्विंटलला ६० हजारांवर गेलं. पुढच्या हंगामात गुजरात-राजस्थानात जिकडे तिकडे जिरं पेरलं गेलं, चीननेही आपलं पीक वाढवलं आणि भाव निम्म्याच्या खाली आला. मिरचीचं त्याहून वाईट झालं. २०२४-२५ मध्ये निर्यात सहा लाख टनांवरून सात लाखांच्या वर गेली, पण आलेले पैसे आदल्या वर्षापेक्षा कमी. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राला आंध्रच्या मिरचीसाठी क्विंटलला ११,७८१ रुपये दराने बाजार हस्तक्षेप योजना जाहीर करावी लागली. एकूण निर्यातीचा विक्रम आणि मिरची उत्पादकाचा तोटा एकाच वर्षाच्या खात्यात नोंदले गेले, आणि वर्तमानपत्रांनी मथळा विक्रमाला दिला. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. नोव्हेंबरात बरेच मसाले त्यातून वगळले, पण मधल्या महिन्यांत सौदे अडले ते अडलेच.

हळदीत मात्र आपला हात वर आहे आणि त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. जगातल्या हळदीपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतात पिकते, आणि देशात महाराष्ट्र पुढच्या रांगेत. सांगलीची पेठ जुनी. आता हिंगोली, वसमत, नांदेड हा नवा हळदीचा पट्टा उभा राहिला आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. हळदीचा हक्क वाचला. हळदीचा भाव अजून वाचायचा आहे, कारण आपली बरीच हळद हळकुंड नाहीतर साधी पूड म्हणूनच जाते, आणि त्यातलं कुर्क्युमिन वेगळं काढून विकणारा खरा पैसा घेतो. १४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, मुख्यालय निजामाबादला. हिंगोली तिथून लांब नाही, एवढाच तूर्त दिलासा.

या सगळ्यात धाराशिव कुठे?

एके काळी होतं. आपल्या जिल्ह्यातलं तेरणाकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं आणि ते आता सर्वमान्य आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर म्हणून तगराचं नाव येतं. इथलं कापड, मलमल आणि किनाऱ्याकडून इथे आलेला इतर माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. भडोचच्या निर्यातीच्या यादीत पिंपळी आहे. त्याच शतकात रोमचा प्लिनी तक्रार करत होता, की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा काचेमागे दिसतील. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीची जवळची नातेवाईक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला आपला माल कुठल्या बंदरातून कुठे जातो हे ठाऊक होतं.

आज आपला जिल्हा सोयाबीन, तूर, ऊस आणि द्राक्षांत गुंतला आहे. मसाल्याच्या बाजारात आपण बहुतेक करून गिऱ्हाईक आहोत. यादीतले धनेसुद्धा राजस्थानच्या रामगंज मंडीकडून किंवा गुजरातेतून येतात. भाव चढले तर रशिया-बल्गेरियाचे धनेही देशात उतरतात. आमच्या लहानपणी रब्बीत काळ्या रानात, ज्वारी-करडईच्या कडेला धन्याची चार तासं असायचीच. घरापुरतं निघायचं. पाणी कमी, औषध जवळजवळ नाही. ऊस आला तशी ही तासं गेली. शेजारच्या लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, माती तीच. कोथिंबिरीला नाव मिळतं तर धन्याला का मिळू नये?

आणि चिंच. मसाला मंडळाच्या ५२ नावांत चिंचही आहे, हे आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांना कोणी सांगितलं आहे? बांधावरची चिंच कोणी लावत नाही, तिला कोणी पाणी देत नाही, आणि दुष्काळातही ती लगडते. माघ-फाल्गुनात गुत्तेदार येतो, झाडाकडे वर बघून रकमेचा अंदाज सांगतो आणि झाड झोडून नेतो. मग गावातल्या बाया सावलीला चिंच फोडायला बसतात. एका हाताने शेंग दगडावर धरायची, दुसऱ्या हाताने हलका घाव. टरफल बाजूला, शिरा ओढून काढायच्या, चिंचोका वेगळा. संध्याकाळी बोटांची कातडी आंबटाने सोलवटलेली असते आणि मजुरी किलोवर मोजली जाते. तो माल बार्शी-लातूरच्या आडतीवर जातो, तिथून दक्षिणेतले व्यापारी नेतात, काही आखाती देशांत पोचतो. चिंचोक्याची पूड कापड गिरण्यांना खळीसाठी लागते. झाड आपलं, हात आपले, पण बांधावरच्या बोलीनंतर या मालाचं काय झालं ते आपल्याला कळतच नाही.

आडतीच्या पलीकडे जायचं तर जगाची अट एकच आहे: माल स्वच्छ हवा. ही अट आपण हलकी मानली आणि तिची किंमत मोजली. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरचीपुडीत सुदान हा कारखान्यातला तांबडा रंग सापडला. २००५ मध्ये त्याच रंगापायी ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं, पाठोपाठ सिंगापूरने एक मसाला परत मागवला. हा वायू मसाल्यातले जंतू मारायला वापरतात. अमेरिका त्याचा काही अंश चालवून घेते, युरोपची मर्यादा अगदी कडक. पण जंतू आले कुठून? उघड्या खळ्यावर, मातीवर पसरलेल्या ओल्या मिरचीतून. तिथेच बुरशी धरते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि ते कुठल्याही कारखान्यात धुऊन जात नाही. म्हणजे परदेशी प्रयोगशाळेतला निकाल आपल्या खळ्यावरच लिहिला जातो.

हे सुधारायला मोठं भांडवल लागत नाही. आपल्या जिल्ह्यात बायकांनी याहून अवघड कामं करून दाखवली आहेत. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत इथल्या शेतकरी महिलांनी घरच्या रानातला एक एकर स्वतःच्या निर्णयाने, कमी पाण्याच्या मिश्र पिकांनी पेरून दुष्काळ काढला; त्या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एकरात धन्याची, ओव्याची तासं परत येऊ शकतात. बचत गटांचं काळं तिखट, येसर आज तुळजापूरच्या यात्रेत आणि प्रदर्शनांत विकलं जातं. पुण्या-मुंबईच्या मराठवाडी घरांत आणि परदेशात गेलेल्या लेकीसुनांच्या बॅगांत तेच जातं. गिऱ्हाईक तयार आहे. नाही ती पाकिटावरची तपासणीची खात्री. मसाला मंडळाची जवळची प्रयोगशाळा मुंबईला. जिल्ह्यातल्या गटाने एक नमुना तपासायचा तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही त्याच्या माथी. मसाल्याची मोठी बाजारपेठ नवी मुंबईच्या वाशीत आहे. आपल्या जिल्ह्यातही वाशी नावाचा तालुका आहे, आणि या वाशीचा माल त्या वाशीत स्वतःच्या नावाने उतरत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या शेतकरी कंपन्यांना, कृषी विभागाला आणि बचत गटांच्या ताईंना माझं एवढंच सांगणं आहे: सगळ्या ५२ मसाल्यांच्या मागे लागू नका. चिंच, धने आणि काळं तिखट, या तिघांवर तीन वर्षं काम करा. गावोगाव वाळवणासाठी उंच ओटे आणि ताडपत्री द्या, चिंच बांधावर नव्हे तर वजनावर विका, आणि तपासणीचे नमुने एकत्र गोळा करून पाठवायची सोय तालुक्याला करा. चिंचेचा हंगाम फेब्रुवारीत लागतो. ओटे त्याआधी व्हायला हवेत.