दोन भुंगे

भुंगा म्हटला की मराठी मनाला कमळ आठवते. परंतु कमळात कोंडला जाणारा तो भ्रमर मधमाशीचा आप्त होय. पुढचे पंख ढालीसारखे कठीण करून त्यांखाली मागचे नाजूक पंख झाकणारे ढालपंखी कीटक ते निराळे. त्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत. इंदूरच्या राजेंद्र नगरातून राऊच्या दिशेने निघाल्यावर वस्ती मागे पडून माळव्याची काळी शेते लागतात. पावसाळ्यात तेथे या कुळातील दोन अगदी भिन्न वृत्तीचे जीव भेटतात.

पहिला चक्रीभुंगा. सोयाबीनच्या पिकाबरोबर तोही माळव्यात प्रबळ झाला. इंदूर येथे १९८७ साली स्थापन झालेल्या सोयाबीन संशोधन केंद्राला त्याची दखल घ्यावीच लागली. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, अंग सडपातळ, मिशा मात्र देहाएवढ्या लांब. मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर कडी कोरते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडे घालते. कड्यांमुळे रसप्रवाह तुटतो व वरचा शेंडा माना टाकतो. अळी गाभा पोखरत खाली उतरते आणि पूर्ण वाढल्यावर खोड आतून कापते. शेंगा धरलेले झाड आडवे झाले, की मगच पुष्कळांना शत्रूचा पत्ता लागतो!

दुसरा शेणकिडा. देह आटोपशीर व दणकट, पाय खणण्याजोगे, आखूड मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या. काही जाती शेणाचा गोळा करून लोटत नेतात. बहुतेक मात्र शेणाखालीच बिळे खणतात. अंडे त्या पुरलेल्या शेणात. अळीला अन्न मिळते आणि जमिनीला खत. ऑस्ट्रेलियात गाईगुरे आली ती परदेशी वसाहतवाल्यांबरोबर. तेथील देशी किड्यांना त्यांचे शेण फारसे मानवेना. शेणाचे थर साचले, माश्या माजल्या. अखेर १९६० च्या दशकापासून त्या देशाने परदेशांतून शेणकिडे आणून सोडले. माळव्यातील शेतकऱ्याला हा सेवक विनावेतन लाभलेला आहे.

म्हणून उपायही डोळसपणे करावा लागतो. सुकलेले शेंडे व पाने सुरुवातीलाच कड्यांच्या खालून खुडून नष्ट केली, तर चक्रीभुंग्याची अळी खोडात उतरण्यापूर्वीच संपते. शेणकिड्याला धोका आहे तो गोठ्यातून. गुरांना जंतांवर दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि त्या शेणातील अळ्या मरतात.