जीभ आणि खोबण

लाकडी तक्तपोशी किंवा भिंतीचं पॅनेलिंग जवळून पाहिलं तर खिळ्याचं एकही डोकं दिसत नाही. प्रत्येक फळीच्या एका कडेला बाहेर आलेली पातळ जीभ असते, दुसऱ्या कडेला तिच्या मापाची खोबण. जीभ खोबणीत सरकवायची, खिळा जिभेच्या मुळाशी तिरका ठोकायचा. पुढची फळी बसली की तो झाकला जातो.

पण खरं कौशल्य दिसण्यात नाही, हलू देण्यात आहे. लाकूड कापल्यावरही हवेतलं बाष्प घेत-सोडत राहतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. कोकणातल्या पावसाळ्यात फुगलेली फळी उन्हाळ्यात आकसली, की साध्या जोडात आरपार फट पडते. इथे फट पडली तरी मागे जीभ असतेच. म्हणून पॅनेलच्या या सांध्यात सरस भरू नये; फळ्या जखडल्या की कुठेतरी तडकतातच. खोबणही जिभेपेक्षा किंचित खोल ठेवतात आणि लाकडी जमिनीच्या कडेने भिंतीलगत साधारण 10 मिलिमीटर जागा सोडतात. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही जागा वाचवणारा कंत्राटदार पुढे उचकटलेली जमीन देतो.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडन आणि बेल्जियममधल्या कंपन्यांनी याच जिभेला आकडा दिला. फळी तिरकी धरून दाबली की ‘क्लिक’ होऊन अडकते. ना खिळा, ना सरस. आज लॅमिनेटची जमीन बहुधा अशीच बसते. फळ्या मात्र बसवण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, म्हणजे त्या तिथल्या हवेशी जुळतात.