पोलिस कोठडीत मृत्यू झाला तर पुढे काय होतं? परभणीच्या प्रकरणातून समजून घ्या

धाराशिव : कळंब, परंडा किंवा उमरग्याच्या ठाण्यात नेलेला माणूस जिवंत परत आला नाही, तर घरच्यांनी दाद कुणाकडे मागायची? त्याच ठाण्यात? मराठवाड्यातल्याच परभणीत एका आईवर ही वेळ आली.

परभणीत काय घडलं?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी आंदोलन चिघळलं आणि धरपकड झाली. त्यात कायद्याचा विद्यार्थी असलेला ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. आधी पोलिस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला.

पोलिसांनी मारहाण केली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचं कारण नोंदवलं गेलं.

कायदा काय सांगतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ इथे लागू होतं. ताब्यातल्या व्यक्तीचा मृत्यू झाला, तर पोलिसांच्या तपासाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी बंधनकारक आहे. मृत्यू ठाण्यात झाला की जेलमध्ये, याने फरक पडत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं, शवविच्छेदनाचं चित्रीकरणही करावं लागतं.

मग घोडं अडतं कुठे?

चौकशी झाली, अहवाल आला. पुढे गुन्हा कुणी आणि कधी नोंदवायचा, हे या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. सोमनाथच्या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा नोंदला गेला नाही. आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. धाराशिव जिल्ह्यालाही हेच खंडपीठ लागतं. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडताना कायद्यातल्या याच त्रुटीवर बोट ठेवलं. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आठवडाभरात गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरोधात राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला ती याचिका फेटाळली गेली. मृत्यूनंतर साडेसात महिने गेले, तेही फक्त गुन्हा नोंदवण्याच्या मुद्द्यावर.

परभणीला हे नवं नाही. इथलाच अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना बेपत्ता झाला. तो पळून गेला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पुढे पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि खटला दोन दशकं रेंगाळला.

कुटुंबाने लगेच काय करावं?

शवविच्छेदनाचा अहवाल आणि चित्रीकरणाची प्रत लेखी मागावी. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे हवेत. फुटेज १८ महिने, ती सोय नसेल तर किमान वर्षभर ठेवावं लागतं. ठाण्याने अर्ज घेतला नाही तर तो पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवावा आणि राज्य मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करावी. आयोग ते फुटेज मागवू शकतो.