कोनेस्टोगाचा रक्तपात आणि फिलाडेल्फियाचा वाद

पेन्सिल्व्हेनियाच्या वसाहतीत 1763 च्या डिसेंबरात जे हत्याकांड घडले, त्याची दफ्तरे चाळू लागले की मारले कोणी हा प्रश्न लवकरच मागे पडतो आणि दोष कोणाच्या माथी मारावा याचीच खडाजंगी पुढे वर्षभर चाललेली दिसते.

कोनेस्टोगाची इंडियन वस्ती ती केवढी! अवघी वीस माणसे; वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांच्याशी 1701 साली झालेल्या तहाच्या भरवशावर राहणारी आणि केरसुण्या-टोपल्या करून गोऱ्या शेजाऱ्यांना विकणारी. नवे गव्हर्नर जॉन पेन हे त्याच विल्यम यांचे नातू, म्हणून त्यांच्या आगमनाबद्दल आनंद कळविणारे पत्र या लोकांनी 30 नोव्हेंबरला धाडले; आणि बरोबर दोन आठवड्यांनी पॅक्स्टनकडच्या घोडेस्वारांनी पहाटे घाला घालून घरी सापडलेल्या सहाही जणांना ठार केले व झोपड्या पेटवून दिल्या. उरलेल्या चौदा जणांना, बायकामुलांसह, लँकेस्टरच्या अंमलदारांनी सरकारी इमारतीत संरक्षणासाठी ठेवले, तर 27 डिसेंबरला तेथे शिरून त्यांचाही निकाल लावण्यात आला. गव्हर्नरांनी जाहीरनामे काढले, इनाम लावले; खटला मात्र एकावरही उभा राहिला नाही.

पाँटियाक या इंडियन सरदाराच्या युद्धात सरहद्दीवरची गोरी कुटुंबे कापली जात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत शेकडो सरहद्दवासी फिलाडेल्फियाच्या रोखाने जर्मनटाउनपर्यंत चालून आले, तेव्हा विधिसभेतले पुढारी बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासारख्यांनी त्यांची समजूत घातली आणि त्यांनी आपली कैफियत सादर केली: पूर्वेकडील तीन परगण्यांना, फिलाडेल्फिया शहर धरून, विधिसभेत 26 जागा, आणि सरहद्दीच्या पाच परगण्यांना मिळून 10. तक्रार रास्तच होती; परंतु लँकेस्टरच्या मुलांनी यांतली कोणती जागा अडविली होती?

मग पत्रकांचा पाऊस पडला. सरहद्दीवर भरणा असलेल्या प्रेस्बिटेरियन पंथीयांनी विधिसभेत वजन असलेल्या क्वेकर पंथीयांना इंडियनांचे पक्षपाती ठरविले, क्वेकरांनी प्रेस्बिटेरियनांना खुनशी म्हटले, आणि विधिसभेने सारे खापर पेन घराण्याच्या कारभारावर फोडले. मारेकऱ्यांचा कडक निषेध करणारे फ्रँकलिन ऑक्टोबर 1764 च्या निवडणुकीत पडले. त्याआधी जुलैतच गव्हर्नरांनी शत्रू इंडियनांच्या डोक्यांच्या कातड्यांवर बक्षीस जाहीर केले होते. विधिसभेने पराभूत फ्रँकलिनना लंडनला पाठविले ते वसाहत पेन घराण्याकडून काढून राजाच्या अमलाखाली आणण्याच्या मागणीसाठी. सरहद्दीच्या जागा वाढायला मात्र 1776 साल उजाडले.