दोन सुतांची जागा

रुंद टायर घालायला आलेल्या माणसाला चांगला मिस्त्री आधी टायर दाखवतच नाही. तो गाडीच्या मागच्या मडगार्डखाली हात घालतो. टायर आणि पत्रा यांच्या मधल्या पोकळीत बोटे सरकवत चाचपतो, मग तोच हात आतल्या बाजूला नेतो. बाहेर एक बोट मावते, आत दोन. मध्येच पत्र्याची दुमडलेली कड बोटाला लागते. सीमाभागातला मिस्त्री असेल तर म्हणेल, "बसतंय की ओ टायर, पण फिरंल का ते बघायला पायजे." बसणे आणि फिरणे यांच्यामधले अंतर मोजणे, एवढाच या कसबाचा मामला आहे. हे अंतर मिलिमीटरपेक्षा सुतात जास्त मोजले जाते. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरला किंचित जास्त. दोन सूत जागा उरली तर मिस्त्रीच्या कपाळावरची आठी जाते. एकच उरली तर तो मान हलवतो.

गाडी कोणती, हा प्रश्न आधी सोडवू. 'मसल कार' ही मूळची अमेरिकी जात. जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक शाखेने 1964 साली मधल्या आकाराच्या गाडीत मोठे व्ही-आठ इंजिन बसवून जीटीओ काढली आणि ही जात नावारूपाला आली. आपल्याकडे तिची सर्वांत जवळची नातलग म्हणजे कॉन्टेसा. हे नाते केवळ दिसण्याचे नाही. हिंदुस्थान मोटर्सने 1984 साली बाजारात आणलेल्या कॉन्टेसाचे अंग ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या 1970 च्या दशकातल्या व्हिक्टर आणि व्हीएक्स गाड्यांवरून आले होते, आणि व्हॉक्सहॉल 1925 पासून जनरल मोटर्सच्याच घरातली होती. म्हणजे ही दूरची चुलत बहीणच. लांब बॉनेट, रुंद नाक, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, ही सगळी लक्षणे घराण्याचीच.

ताकद मात्र घराण्याची नव्हती. सुरुवातीला त्या लांबलचक बॉनेटखाली अँबॅसिडरचेच 1,489 सीसीचे इंजिन होते. तालमीबाहेर पैलवानाचा फेटा बांधून बसलेल्या कारकुनासारखी तिची गत होती. पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन आले तेव्हा कुठे फेट्याला साजेशी छाती झाली. 2002 साली तिचे उत्पादन थांबले. आता जी कॉन्टेसा कोणी जपून ठेवतो, तिच्या मालकाच्या डोक्यात कधी ना कधी तो विचार येतोच: मागची चाके जरा रुंद असती तर?

हा विचार बेळगाव–निपाणी पट्ट्यातल्या माणसाला नवा वाटायचे कारण नाही. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर त्याला रोज हेच दाखवतो. पुढे अरुंद चाके, दिशा द्यायला. मागे रुंद चाके, ओढायला. गंमत अशी, की अस्सल मसल कार जन्मली तेव्हा तिला हे जमले नव्हते. 1964 च्या जीटीओला 7.50-14 मापाचे, आजच्या हिशेबाने अगदी बेताचे टायर होते. इंजिन जोर लावी आणि टायर जागच्या जागी फिरून धूर काढी. कंपनीने अंगात बळ घातले होते, पायात वहाणा मात्र जुन्याच होत्या. त्यामुळे मागे रुंद टायर घालण्याचा छंद मालकांनी आपापल्या गॅरेजात वाढवला. मागचे शॉकअब्सॉर्बर हवेचे बसवायचे, शेपूट उचलायचे आणि त्याखाली जाड टायर सरकवायचे, ही 1970 च्या दशकातली त्यांची आवडती युक्ती होती.

खडेबाजारात या विषयाला एक जुना धागा आहे. बेळगावच्या या गजबजलेल्या पेठेत साडेचार मीटरची गाडी वळवायची म्हणजे चालकाची कसोटी. इथे रुंदीपेक्षा जागेची किंमत माणसाला आधी कळते. याच पेठ भागात किर्लोस्कर रोड आहे. गुर्लहोसूरला 1869 साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या भावासह 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, त्या घराण्याचे हे नाव. पुढे नांगर आले, 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, कारखानदारीचा इतिहास घडला. पण मुळात होते ते चाकाचे दुकान. आणि त्याच 1888 साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तिचाकी सायकलीला बसणारे हादरे कमी करायला त्याने रबरी नळी वापरली होती. त्याचे नाव इतके रुळले, की आपल्याकडे खेड्यापाड्यांत हवेच्या चाकांच्या बैलगाडीला आजही सरळ 'डनलॉप' म्हणतात.

आता टायरवरच्या आकड्यांकडे. 175/80 आर 14 असे लिहिलेले असते, त्यातला 175 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि 14 हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात. या टायरचा एकूण व्यास निघतो साधारण 636 मिलिमीटर. रुंदी वाढवताना हा व्यास सांभाळायचा असतो, नाहीतर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो आणि गिअरचा मूळ हिशेब चुकतो. म्हणून रुंदी वाढली की भिंत बुटकी करायची. 195/65 आर 15 या टायरचा व्यास सुमारे 635 भरतो. रिम एका इंचाने मोठी, टायर 20 मिलिमीटरने रुंद, पण उंची जवळजवळ तीच. बाजारातल्या गाड्या मोठ्या रिमकडे सरकल्यामुळे 14 इंचात रुंद टायर शोधत बसण्यापेक्षा हा रस्ता सोपाही पडतो.

रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीवर, अशी सर्वांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. समजा एका चाकावर 315 किलो भार आहे आणि टायरमध्ये 30 पौंड हवा आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो. भागाकार केला की टायरचा तळवा जमिनीवर सुमारे 150 चौरस सेंटिमीटर टेकतो. तळवा 12 सेंटिमीटर रुंद असेल तर साडेबारा सेंटिमीटर लांब पडेल. 15 सेंटिमीटर रुंद असेल तर दहाच. हवा तीच ठेवली तर क्षेत्र फारसे वाढत नाही, आकार बदलतो. लांबट तळवा आडवा होतो. वळणावर टायर बाजूला ढकलला जातो तेव्हा हा आडवा, आखूड तळवा कमी मुरडतो आणि लवकर पकड घेतो. शिवाय रुंद टायरमध्ये कंपनीला जरा मऊ रबर वापरता येते. फायदा आहे, पण तो या मार्गाने येतो.

आणि तो फुकट येत नाही. बेळगावहून आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात आषाढात उतरून पाहा. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. अरुंद टायर त्या थराला सुरीसारखा कापतो. रुंद टायर ताटासारखा त्यावर आपटतो आणि वेग जास्त असेल तर तरंगू लागतो. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठीच असतात, म्हणून झिजलेला रुंद टायर हा झिजलेल्या अरुंद टायरपेक्षा पावसात अधिक दगा देतो. मोटारीसाठी नियमाने किमान 1.6 मिलिमीटर खाच लागते. घाटात जाणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. दुसरी गोष्ट, मागे पकड वाढली आणि पुढे ती तेवढीच राहिली, की वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ पाहते. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी किंचित हट्टाने सरळ जाते. ट्रॅक्टरने नांगरटीत पुढची चाके वळवावीत आणि ती मातीत नुसती घासावीत, तसे काहीसे.

हे सगळे पत्करून मालक ठाम असेल, तर खरे काम सुरू होते आणि ते टायरवर नाही, रिमवर असते. आपल्याकडे टायरवाले रिमला बहुधा डिस्क म्हणतात. जुनी डिस्क पाच इंच रुंद असेल तर तिच्यावर फार रुंद टायर चढवता येतो, पण भिंती आत मुडपतात, तळवा मध्ये फुगतो आणि टायर मधोमध झिजतो. टायर रुंद तर डिस्कही रुंद हवी. आता कळीचा प्रश्न: वाढलेली रुंदी आत जाणार की बाहेर? डिस्क हबला जिथे टेकते ती जागा आणि डिस्कची आतली कड यांच्यातले अंतर मोजायचे. चाकाची बाहेरची बाजू खाली ठेवून आतल्या कडेवर सरळ पट्टी टाकली आणि पट्टीपासून खाली हबच्या जागेपर्यंत टेप सोडली की ते मिळते. या एका मापावर सगळा खेळ. डिस्क एका इंचाने रुंद झाली आणि वाढ दोन्हीकडे समान वाटली तर आत चार सूत, बाहेर चार सूत जागा खाल्ली जाते. पण गाडीत जागा दोन्हीकडे समान असतेच असे नाही.

म्हणून ओळंबा. गवंड्याचाच. मडगार्डच्या कडेला दोरा धरून ओळंबा सोडायचा आणि दोरा ते टायर हे अंतर मोजायचे. मग तेच पलीकडच्या बाजूला. जुन्या गाडीत डावे माप उजव्याशी क्वचितच जुळते. कधीतरी धडक बसलेली असते, पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, वर पुट्टीचा थर असतो. मिस्त्री जी बाजू अरुंद निघेल तिचेच माप धरतो.

यानंतर गाडी हलवून पाहायची. मागचा धुरा, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत हौसिंग, एकसंध असतो. एका चाकाखाली दगड आला की ते चाक वर जाते आणि अख्खा धुरा तिरका होतो. म्हणून मागची स्प्रिंग काढून, जॅकने एकेक बाजू रबरी बंपस्टॉपला टेकेपर्यंत उचलायची आणि त्या अवस्थेत पुन्हा बोट घालायचे. ज्या गाड्यांत धुरा एका आडव्या दांडीने अंगाला बांधलेला असतो, त्यांत चाक वर जाताना थोडे बाजूलाही सरकते. सपाट फरशीवर घेतलेले माप तिथे खोटे ठरते. आतल्या बाजूला हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा पाइप आणि पाट्यांची गाडी असेल तर पाटा, हे सगळे टायरची वाटच पाहत असतात. हात जिथे पोचत नाही तिथे शाडूची गोळी चिकटवावी आणि गाडी हळू फिरवून आणावी. गोळी जेवढी चेपली तेवढी गोष्ट कळली.

जागा कमी पडली तर पर्याय आहेत. मडगार्डची आत दुमडलेली कड ठोकून सपाट केली तर एक-दोन सूत मिळतात. पण रंग तडकतो आणि त्या फटीत पावसाळ्यात गंज शिरतो. अमेरिकेत हौसेखातर लोक धुराच आखूड करतात, पाटे आत सरकवतात, चाकाचा कोनाडा कापून मोठा करतात. हबवर अॅल्युमिनियमची चकती टाकून चाक बाहेर काढण्याचा सोपा मार्गही आहे, पण चाक जितके बाहेर तितका बेअरिंगवर तरफेचा भार जास्त. आणि खराब वेल्डिंगने रुंद केलेली डिस्क म्हणजे तर चालत्या गाडीखालची उधारी. ती कधी वसूल होईल सांगता येत नाही.

कायद्याचेही एक माप आहे. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते, की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्का मारला. कोगनोळी नाका ओलांडला की केए-23 च्या पाट्या मागे पडतात आणि एमएच-09 च्या सुरू होतात. या सीमेवर पुष्कळ गोष्टींचा वाद आहे, पण हे कलम दोन्हीकडे सारखेच लागू. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांनाच. 1984 ची कॉन्टेसा तिथे पोचायला अजून अवकाश आहे. तिथवर जायचे असेल तर मूळ डिस्क माळ्यावर नीट गुंडाळून ठेवावी आणि पत्रा कापू नये. बोल्ट काढून मागे जाता येते, कापलेल्या पत्र्यावरून नाही.

हे शहाणपण मोटारीबरोबर आलेले नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढते तिला धाव म्हणतात. लोहार आधी चाकाचा घेर मोजतो आणि धाव त्याहून जराशी आखूड करतो. ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवली की फुगते. चौदा फुटांच्या घेरात ही वाढ दीड इंचाच्या आसपास जाते. फुगलेली धाव चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफ उठते, लोखंड आवळते आणि आरे कुरकुरत तुंब्यात घट्ट बसतात. आखूड जास्त झाली तर चढत नाही, लांब राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर रस्त्यात निसटते. तिथेही प्रश्न लोखंड किती भारी याचा नव्हता. ते चाकाला किती जुळते, हा होता.

रुंद टायर चढवून झाले, की शेवटची परीक्षा खडूने होते. टायरच्या खांद्यावर, वरच्या कडेला, चारी बाजूंनी पांढऱ्या रेघा ओढायच्या. मागच्या सीटवर तीन धष्टपुष्ट माणसे बसवायची, डिकीत सिमेंटचे एक पोते टाकायचे, आणि गाडी गतिरोधकावरून, खड्ड्यातून, डावीकडे-उजवीकडे वळवत आणायची. परत आल्यावर मिस्त्री टायरच्या रुबाबाकडे पाहत नाही. तो उकिडवा बसतो आणि खडूच्या रेघा मोजतो. एखादी पुसली असेल तर चाक पुन्हा निघते. सगळ्या शाबूत असतील तर तो पान्याने नट पुन्हा एकदा आवळतो, पन्नास किलोमीटरनंतर परत आवळून घ्यायला सांगतो, आणि हात पुसत उठतो.

रेघा मग दोन दिवसांत आपोआप जातात.